घुमटाखालचं हळदीकुंकू

दार उघडलं आणि आत तिळाचा वास नाही, याचंच मला आधी वाईट वाटलं. वास होता तो ताज्या चुन्याचा, बाकांना नुकत्याच मारलेल्या वॉर्निशचा आणि बाजूच्या खोलीत कुणीतरी करत असलेल्या कॉफीचा. एस्प्लनेडच्या मागच्या गल्लीतलं ग्रीक लोकांचं हे जुनं चर्च आता दुरुस्त होऊन लखलखीत झालं आहे. रविवारी सकाळी थोडे बंगाली भाविक प्रार्थनेला येतात, कधी एखाद्या संध्याकाळी व्हायोलिन नाहीतर पियानो वाजतो, आणि मधल्या वेळात ते भाड्याने मिळतं. आमच्या मंडळातल्या सायलीने ते फोनवर शोधून काढलं. सायली पुण्याची, सॉल्ट लेकमधल्या एका कंपनीत कामाला, कोलकात्यात येऊन तिला वर्षही झालेलं नाही. "काकू, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला इतकी गोड जागा मिळालीये," असं तिने मला कळवलं आणि खाली फोटो पाठवला. तो मी आईला दाखवला. आईने चष्मा लावला, काढला, पदराने पुसला, परत लावला आणि म्हणाली, "अगं, हे तर आपलं चर्च."

म्हणून आई आली. एरवी ती येत नाही. बाबा गेले त्याला आता काही वर्षं झाली, आणि तेव्हापासून तिने कुणाकडे हळदीकुंकवाला जाणं सोडून दिलं आहे. कुणी तिला तसं सांगितलेलं नाही. आताच्या मुली तर सगळ्यांना आग्रहाने बोलावतात, नवरा आहे की नाही हे विचारण्याची त्यांना गरज वाटत नाही. पण आई म्हणते, "मला नको गं, तुमचं चालू द्या," आणि आत स्वयंपाकघरात तिळाच्या वड्या थापत बसते. आज टॅक्सीत बसतानाही तिने मला बजावलं. "मी फक्त जागा बघायला येते आहे. कुंकवाचं ताट माझ्यापुढे आणायचं नाही. त्या सायलीला सांगून ठेव." मी हो म्हटलं आणि सायलीला काही सांगितलं नाही.

याला कारण आहे. ज्या बाईने याच घुमटाखाली एका विधवेला कुंकू लावलं, तेही सगळ्या मंडळाच्या डोळ्यांदेखत, ती बाई आज स्वतःचं कपाळ चुकवत फिरते याचा मला राग येतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हे मी तिला कधी तोंडावर म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर तिने मलाच वड्या कापायला बसवलं असतं.

तेव्हा चर्चला असा रंग नव्हता. बाबांची केंद्र सरकारच्या एका खात्यातून कोलकात्याला बदली झाली होती आणि मी शाळेच्या खालच्या वर्गांत होते. भिंती करड्या, खालच्या बाजूला ओल, आणि आत पाऊल टाकलं की तागाच्या गोण्यांचा वास यायचा. फार पूर्वी मिठाचा आणि कापडाचा व्यापार करणाऱ्या ग्रीकांनी ते बांधलं, त्यांच्या मुलखातल्या जुन्या देवळांसारखं, मधे घुमट आणि चारी बाजूंना कमानी. मग ग्रीक कमी होत गेले. महायुद्धात तिथे वाळूच्या गोण्या ठेवल्या, नंतर ताग, नंतर रेशनचा गहू, मग कुणा प्रकाशकाची न खपलेली पाठ्यपुस्तकं. आम्ही आलो तेव्हा पुस्तकंही गेली होती आणि पारवे राहिले होते. घुमटात आतून मोठ्या डोळ्यांचा येशू रंगवलेला होता. त्याच्या नाकाचा गिलावा पडला होता, पण डोळे शाबूत होते, आणि माझा धाकटा भाऊ मकरंद वर न बघता, मान खाली घालून सगळीकडे फिरायचा.

कोलकात्यात बदलून आलेल्या मराठी घरांना तेव्हा एकत्र जमायला जागा नसायची. हे चर्च कुणी शोधलं, कुणी शब्द टाकला, मला माहीत नाही. मला एवढंच आठवतं, की संक्रांत ते रथसप्तमीच्या मधल्या एका रविवारी आम्ही तिथे जायचो. बजबजहून देवस्थळी काकू लोकलने यायच्या. त्यांच्या यजमानांची नोकरी तिथल्या तेलाच्या डेपोत होती, आणि काकूंच्या साडीला कितीही धुतली तरी थोडा रॉकेलचा वास असायचा, असं आम्ही मुलं म्हणायचो. हावड्याच्या बायका लाँचने नदी ओलांडून यायच्या. सगळ्या काळ्या साड्या नेसून. गल्लीतले बंगाली लोक पानाच्या दुकानापाशी थांबून बघत राहत. एकदा एकाने बाबांना हळूच विचारलं, "दादा, के मारा गेछेन?" कोण गेलं, म्हणून. बाबांनी त्याला तिळगूळ दिला.

तिळगूळही तिथला खास होता. चिक्कीचा गूळ मिळायचा नाही, म्हणून आई खजुराचा नोलेन गूळ घ्यायची. त्याला धुरकट, गोड वास असतो, पण त्याचा पाक काही केल्या कडक होत नाही. लाडू वळले की हळूहळू बसत जायचे. ताटात ठेवताना लाडू असायचे, वाटायची वेळ येईपर्यंत चकत्या. देवस्थळी काकू दर वर्षी म्हणायच्या, "वहिनी, यंदाही तुमचे लाडू दमले वाटतं." आई दर वर्षी म्हणायची, "दमले तरी गोडच बोलताहेत ना?"

घुमटाच्या बरोबर खाली जमिनीत एक गोल, पांढरा दगड बसवलेला होता आणि त्यावर दोन डोक्यांचा पक्षी कोरलेला होता. पहिल्याच वर्षी देवस्थळी काकूंनी तो ओळखला. त्या कोल्हापूरच्या. "अगं, हा गंडभेरुंड. आमच्याकडे देवळाच्या दारावर असतो." मग प्रश्नच मिटला. ही जागा आपलीच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. पक्ष्याच्या दोन्ही डोक्यांना हळदकुंकू वाहिलं, त्याच्याभोवती रांगोळी काढली, आणि रांगोळीला बाजूने जागा ठेवून फुगड्या घातल्या. घुमटात फुगडी घालताना तोंडाने धरलेला पक्‌वा असा घुमायचा की वर पारवे उडायचे. मकरंदचं बोरन्हाण त्याच दगडावर झालं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे ओतले आणि सगळी पोरं त्याच्यावर तुटून पडली. बोरं गुळगुळीत फरशीवरून घरंगळत पार कोपऱ्यांत गेली. मकरंदने रडत रडत वर पाहिलं, ते मोठे डोळे त्याला दिसले आणि तो आणखी रडला. चुरमुरे पुढे कित्येक दिवस पारव्यांना पुरले असतील.

चर्चच्या किल्ल्या इरिनीबाईंकडे असायच्या. त्या तिथल्या शेवटच्या ग्रीक. मागच्या अंगाला दोन खोल्यांत एकट्या राहायच्या, जन्म कोलकात्याचा, हिंदी आणि बंगाली दोन्ही बोलायच्या आणि दोन्हीतली क्रियापदं आपल्या सोयीने वापरायच्या. उंच, हाडापेराने मोठ्या, नाक धारदार. अंगात काळा पायघोळ झगा, पायात काळे मोजे, डोक्याला काळा रुमाल. पहिल्या वर्षी त्या दार उघडून देऊन खांबाला टेकून उभ्या राहिल्या होत्या. आईने त्यांना पाहिलं आणि तिला भरून आलं.

"बघा," आई सगळ्यांना म्हणाली, "बाईंनी आपली संक्रांत म्हणून मुद्दाम काळं घातलंय."

आणि ती कोयरी घेऊन तडक त्यांच्याकडे गेली. हळद लावली, कुंकू लावलं. रुमाल आडवा आला म्हणून कुंकू थोडं तिरकं गेलं. हाताला अत्तर लावलं, गुलाबदाणीने गुलाबपाणी शिंपडलं, झग्याला पदर नाही म्हणून ओंजळीतच गहू, बोरं आणि तिळगूळ घातला. वाण म्हणून त्या वर्षी चहाची गाळणी होती, तीही दिली.  इरिनीबाईंनी हात नाकाशी नेला, गुलाबपाण्याचा वास घेतला आणि डोळे मिटले. त्यांच्या चर्चच्या धुपालाही गुलाबाचाच वास असायचा, हे त्यांनी नंतर सांगितलं. दिवसभर ते तिरकं कुंकू तसंच ठेवून त्या आमच्यात बसल्या आणि दमलेले लाडू खाल्ले.

त्यानंतर आई अधूनमधून त्यांच्याकडे जाऊ लागली. मलाही न्यायची. त्यांच्या खोलीत जुन्या लाकडाचा, मेणाचा आणि लिंबाच्या सालींचा वास होता. त्या आम्हांला छोट्या कपात कडू कॉफी द्यायच्या आणि त्यांच्या आजोबांच्या गावच्या चर्चबद्दल सांगायच्या. समुद्राकाठचं गाव, हजार वर्षांहून जुनं चर्च, एक थर दगडाचा, एक थर विटांचा. मग राज्य बदललं आणि त्याची मशीद झाली. भिंतीवरच्या चित्रांवर चुना फिरला. पुढे लढाईत तिथे जखमी शिपाई ठेवले. मग तंबाखूच्या पानांचं गोदाम झालं. मग छप्पर पडलं आणि शेळ्या आल्या. आता म्हणे दारात तिकीट घेऊन आत सोडतात. दोन डोक्यांचा दगड तिथलाच, मधल्या कुठल्याशा पडझडीत निघालेला, कुणी व्यापाऱ्याने जहाजात घालून इथे आणलेला. इरिनीबाईंनी ते गाव पाहिलेलं नव्हतं. आजोबांनी सांगितलेलं त्या सांगत होत्या, पण कुठल्या खिडकीतून सकाळी ऊन येतं हेसुद्धा हाताने दाखवायच्या.

"वाईट नाही वाटत?" आईने हिंदीत विचारलं. "तंबाखू, शेळ्या…"

"चर्च को क्या," इरिनीबाई म्हणाल्या. "अंदर आदमी आना चाहिए. गोदाम में भी आदमी आता है. ताला लगा, तब खतम."

अशाच एका भेटीत आईने भिंतीवरचा फोटो पाहिला. मिशीवाला माणूस, खाली तेलाची छोटी पणती. "ये कौन?"

"मेरा आदमी. बहुत दिन हुआ, गया." आणि त्यांनी स्वतःच्या काळ्या बाहीला हात लावून दाखवला. "तब से ये पहनती."

आई कप हातात धरून बसून राहिली.  रात्री जेवताना तिने बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "मग? त्यांना काही झालं का?" "तसं नाही हो," आई म्हणाली, पण कसं ते तिला सांगता येईना. आमच्यात संक्रांतीला काळी साडी म्हणजे सणाची, सवाष्णीची. त्यांच्यात काळं म्हणजे बरोबर उलट. आपण सणाचा मान म्हणून ज्या रंगावर कुंकू लावलं, तो बाईच्या दुःखाचा रंग होता. आणि बाईंनी ते पुसलं नव्हतं.

बातमी मंडळात पसरायला वेळ लागला नाही. पुढच्या संक्रांतीच्या आधी देवस्थळी काकू आमच्याकडे आल्या. काकू वाईट नव्हत्या, पण रीतीच्या पक्क्या. "झालं ते अजाणता झालं, वहिनी. झाकली मूठ सव्वा लाखाची. यंदा त्यांना नुसता तिळगूळ देऊ, कुंकू नको. त्यांना तरी काय कळणार आहे?"

"त्यांना कळतं," आई म्हणाली. "गेल्या वर्षी त्यांनी कपाळ पुढे केलं होतं. मी बघितलंय."

"पण रीत…"

"रीत काय, बघू," आई म्हणाली, आणि तीळ भाजायला आत गेली. तीळ जास्त भाजले गेले, त्या वर्षीचे लाडू कडवट झाले.

तो रविवार मला स्वच्छ दिसतो. वरच्या खिडक्यांतून जानेवारीचं ऊन तिरपं आलेलं, काळ्या साड्यांवरच्या खडीच्या चांदण्या मधूनच चमकणाऱ्या, आणि इरिनीबाई दाराजवळच्या खांबापाशी, किल्ल्यांचा जुडगा हातात. सगळ्यांना कुंकू लावून झालं. आई कोयरी घेऊन मधे उभी राहिली.  इतक्या बायका एकदम गप्प झालेल्या मी पुन्हा कधी पाहिल्या नाहीत. आई चालत खांबापाशी गेली. तिने बोट कुंकवात बुडवलं, आणि इरिनीबाईंनी तिचं मनगट धरलं.

"मालूम है ना?" त्यांनी विचारलं.

"मालूम है," आई म्हणाली.

इरिनीबाईंनी मनगट सोडलं आणि डोक्याचा रुमाल स्वतःच्या हाताने मागे सारला. आईने कुंकू लावलं. या वेळी ते सरळ लागलं. मागे देवस्थळी काकू उभ्या होत्या आणि आई त्यांना मनातून घाबरायची. काकू पुढे आल्या. त्यांनी कुंकू लावलं नाही. पण गुलाबदाणी उचलून त्यांनी इरिनीबाईंवर इतकं गुलाबपाणी शिंपडलं, की बाईंचे खांदे ओले झाले आणि त्या मोठ्याने हसल्या. घुमटात ते हसू फिरून खाली आलं. पुढे काही वर्षं असंच चाललं. आई कुंकू लावायची, काकू गुलाबपाण्याने भिजवायच्या.

मग आमची दिल्लीला बदली झाली. परत कोलकात्याला आलो तेव्हा मी नोकरीला लागले होते, मंडळ दुसरीकडे जमत होतं आणि चर्चला कुलूप होतं. मागच्या खोल्यांची खिडकी विटांनी बुजवली होती. पानवाल्याला विचारलं तर तो नवा होता.

आज आई मधल्या दगडापाशी बराच वेळ उभी राहिली. तिथे आता पितळी कठडा आहे. चर्चचे फादर, मध्यम वयाचे बंगाली गृहस्थ, कौतुकाने सांगत होते, की या दोन डोक्यांच्या गरुडावर बिशप उभे राहतात, फार मानाची जागा आहे. मी आईला मराठीत सांगितलं.

"अगंबाई," आई म्हणाली. "आणि आपण तिथे पोरं न्हाऊ घातली."

फादर वाकून दाखवू लागले. सगळा दगड स्वच्छ झाला, पण पिसांच्या रेघांत हे पिवळं राहिलं आहे, ते काही निघत नाही, कसलं आहे कळत नाही. आईने कठड्यावरून वाकून पाहिलं. इतक्या वर्षांत तिचं बंगाली तोडकंच राहिलं आहे. "होलुद," ती म्हणाली. "आमरा दियेछि." हळद, आम्हीच वाहिलेली.  मग इरिनीबाईंचं नाव तिने घेतलं, तेव्हा फादर म्हणाले, की त्यांनी बाईंना पाहिलेलं नाही, पण ग्रीक दफनभूमीत त्यांचं थडगं आहे, नवऱ्याच्या शेजारी. आईने मान हलवली. पिवळ्याचं काय करू, असं फादरनी विचारलं, तर ती म्हणाली, "थाक." राहू दे.

तोवर मुली जमल्या होत्या. काळ्या साड्या, काळे कुर्ते, एक तर काळ्या जीन्समध्ये. वाण म्हणून कापडी पिशव्या. पोरं बाकांखालून धावत होती आणि एकमेकांना हिंदीत हाका मारत होती. कुणीतरी फोनवर गाणं लावलं, ते घुमटात दुप्पट झालं, मग घाईने बंद केलं. माझ्या नाकाला इतक्या वेळाने तिळाचा वास आला, आईच्याच डब्यातून. आई हळूहळू मागे सरकत दाराजवळच्या खांबाला जाऊन टेकली. तिने तिची चंद्रकळा नेसली होती, जुनी, विटून काळ्याची तपकिरी झालेली. ती नेसायला मी सांगितलं नव्हतं.

सायली ताट घेऊन एकेकीला कुंकू लावत येत होती. तिने आईला आज पहिल्यांदाच पाहिलं. तिला दिसलं ते एवढंच, की एक म्हाताऱ्या आजी काळी साडी नेसून, एकट्या बाजूला उभ्या आहेत. ती सरळ खांबाकडे निघाली. मी मधे जाऊ शकले असते. गेले नाही. आईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी तिची नजर चुकवली.

सायलीने बोट कुंकवात बुडवलं. आईने तिचं मनगट धरलं.

"माहीत आहे ना तुला?" आईने विचारलं.

"काय, आजी?" सायली म्हणाली.

आई तिच्याकडे बघत राहिली. सायलीचं बोट हवेत तसंच, त्याला कुंकू लागलेलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, फक्त म्हाताऱ्या माणसाचं बोलणं नीट ऐकण्याची धडपड.

"काही नाही," आई म्हणाली. "लाव तू."

तिने मनगट सोडलं आणि कपाळ पुढे केलं.

परतताना टॅक्सी एस्प्लनेडच्या सिग्नलला अडकली. आई कापडी पिशवी मांडीवर घेऊन बाहेर बघत होती. मी तिच्याशी भांडायची तयारी करून बसले होते, ती मला रागावणार याची वाट बघत. ती रागावली नाही. सिग्नल सुटला तेव्हा तिने माझ्याकडे तोंड वळवलं.

"मधोमध लागलंय ना गं?"

"थोडं तिरकं गेलंय," मी म्हटलं. "सरळ करू?"

"नको," ती म्हणाली. "असू दे."